नऊवारी, कवटी आणि धोटा

‘दादा, नमस्कार. आम्ही इचलकरंजीतले चौघं. मी बास गिटार वाजवते. एक जण गातो आणि गिटार वाजवतो, एक लीड गिटारवर, आणि ड्रमर आहे तो हलगीपण वाजवतो. पाच गाणी झालीत, सगळी मराठी, सगळी आमचीच. सोबत पाठवलीत. रात्रपाळीवरचं गाणं दोन महिन्यांनी बाहेर काढायचंय. कव्हर, पोस्टर, फोटो, व्हिडिओ सगळं मिळून ६० हजार जमवलेत. पण आपण दिसायचं कसं यावर तीन आठवडे भांडण चालू आहे. लीडवाल्याला काळी जॅकेटं आणि कवटीचा लोगो पाहिजे. गायकाला पन्हाळ्यावर ड्रोन उडवायचाय, सगळ्यांनी फेटे बांधून. ड्रमरचे दाजी लग्नाचे व्हिडिओ करतात, ते “सिनेमॅटिक करून देतो, पैशाचं बोलू नका” म्हणतात. पण त्यांचं म्हणणं, मी नऊवारी नेसून पुढं उभं राहायचं, गिटार हातात नको, मी असले की फ्रेम भरते. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येईना. कव्हर तर एआयवर पाच मिनिटांत होतंय, असं आणि एकाचं मत. प्रॅक्टिस ड्रमरच्या वडिलांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये करतो, माग बंद असतील त्या दिवशीच. त्यामुळं रोज भेट होत नाही आणि भांडण व्हॉट्सॲपवर वाढत जातं. काय करू?
— बासवाली, इचलकरंजी’

बासवाली,

गाणी दोनदा ऐकली. एकदा हेडफोनवर आणि एकदा स्वयंपाकघरात, मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून, कारण बहुतेक लोक गाणं तसंच ऐकतात. रात्रपाळीचं गाणं चांगलं झालंय. दुसऱ्या कडव्यानंतर सगळे थांबतात आणि हलगी एकटी उरते, तिथे माझी भाजी करपली. ऐकायचं काम झालंय तुमचं, आता दिसायचं बघू.

तुमच्या भांडणात मला एक गंमत दिसली. तिन्ही सूचना गाण्यांच्या बाहेरून आल्यात. कवटी लीडवाल्याच्या खोलीतल्या भिंतीवरून आली असणार, पन्हाळा रील बघून आला आणि नऊवारी दाजींच्या प्री-वेडिंगमधून. पाच गाण्यांत मी किल्ला शोधला, सापडला नाही. एसटी स्टँड आहे. पंचगंगेचं काळं पाणी आहे. पगाराला उशीर करणारा दिवाणजी आहे, रात्रपाळी सुटल्यावरचा कटिंग आहे. आणि पत्राच्या शेवटी तू तक्रार म्हणून लिहून टाकलंस की आम्ही मागाच्या शेडमध्ये वाजवतो. अगं, महाराष्ट्रातल्या किती बँडना हे लिहिता येईल?

आपल्याकडे ‘बँड’ म्हटलं की अजूनही आधी वरात दिसते. लहानपणी कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बँडवाल्यांचं दुकान होतं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, काखेत घामाचे पांढरे नकाशे. कोट कुणालाच मापात नसायचा. पण गर्दीत दोनशे माणसं नाचत असली तरी वाजवणारे कोण ते लांबून कळायचं, आणि पुढच्या लग्नात ते परत दिसले की पोरं ओरडायची, ‘त्येच आल्यात!’ प्रतिमा, इमेज, ब्रँडिंग वगैरे जे काही म्हणतात त्याचं काम मला तरी एवढंच वाटतं. दुसऱ्यांदा दिसल्यावर ‘त्येच आल्यात’ असं वाटलं पाहिजे. त्यासाठी एक खूण लागते, ती स्वतःची लागते, आणि कंटाळा येईपर्यंत तीच वापरावी लागते. कंटाळा तुम्हाला आधी येईल. लोकांनी तोवर ती जेमतेम एकदा पाहिलेली असते.

लीडवाल्याला एक गोष्ट सांग. १९७० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये जॉन पाश नावाचा एक विद्यार्थी होता. त्याला रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचं काम मिळालं. त्यांचा गायक मिक जॅगर, त्याने त्याला संदर्भासाठी एक चित्र दाखवलं, ते होतं कालीमातेचं. आता कालीच्या गळ्यात कवट्यांची अख्खी माळ असते. पाशने ती माळ सोडली, चार हात सोडले, आणि उचललं काय, तर उघडं तोंड आणि बाहेर आलेली जीभ. पुढच्या वर्षी ती जीभ रेकॉर्डवर छापून आली. पाशला मिळाले ५० पौंड. कवट्या समोर लटकत असताना त्याने जीभ निवडली, हे लीडवाल्याला दोनदा सांग. जिभेतच जॅगर दिसत होता. कवटीत कुणीच दिसत नाही, म्हणून तर ती टी-शर्टवर ढिगाने खपते.

पन्हाळ्याचं थोडक्यात. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिथे चित्रीकरणासाठी अर्ज, शुल्क, वाट पाहणं सगळं आलं. ड्रोनला २०२१चे नियम आहेत, ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा बघावा लागतो, आणि पट्टा हिरवा असला तरी स्मारकाची परवानगी वेगळी ती वेगळीच. एवढं करून मिळणार काय? हजार प्री-वेडिंगमध्ये दिसलेला तोच बुरूज. फेट्याला माझा विरोध नाही. उद्या गाण्यात फेटा आला तर खुशाल बांधा.

आता शेड.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. म्हणजे तुमच्या गावाच्या चार पिढ्या ज्या आवाजात झोपल्या आणि उठल्या, त्याच आवाजावर तुम्ही गाणं केलंत आणि पोस्टरसाठी मात्र बाहेरगावी निघालात. तुमची खूण मी सुचवू का? धोटा. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. दोन्ही टोकांना निमुळता, टोकाला धातूची टोपी, मधे सुताची कांडी. लांबून बघितला तर होडीसारखा, जवळून बघितला तर डोळ्यासारखा. काळ्या शाईत एका रंगात छापता येतो, रबरी शिक्क्यावर येतो, ड्रमच्या पुढच्या कातड्यावर रंगवता येतो. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी बाई आठवते ना? नाव वाचता न येणाऱ्यालासुद्धा पडद्यावर ती आली की कळायचं, कुणाचा सिनेमा ते. चिन्हाची परीक्षा तीच.

कव्हर तर मला बसल्या जागी दिसतंय. तुझा बास मागावर आडवा ठेवायचा, खाली ताण्याचे शेकडो उभे धागे, वर बासच्या चार तारा आणि तारांवर एक जुना, झिजलेला धोटा. वरून सरळ फोटो. माणूस एकही नाही. हे मी सुचवतोय म्हणून असंच करा असं नाही. पण भांडण आता या शेडच्या आत करा, बाहेर नको.

एक सावधगिरी इथेच सांगतो. कामगारांना शोभेला उभं करू नका. कांड्या भरणाऱ्या मावशी, ताण्याचे धागे ओवणारा वहिफणीवाला, माग दुरुस्त करणारा जॉबर यांना आधी गाणं ऐकवा. ज्यांना चित्रात यायचंय त्यांना घ्या, आणि त्यांचा तेवढ्या तासांचा रोज द्या. नको म्हणतील त्यांचा हातसुद्धा फ्रेममध्ये येता कामा नये. ड्रमर मालकाचा मुलगा आहे हे विसरू नका. त्याच्यासमोर ‘नको’ म्हणणं लोकांना जड जातं, म्हणून विचारायचं काम त्याने न करता तू करावंस.

नऊवारीचं कारण तुला सांगता येत नाही म्हणतेस, तर मी सांगतो. पोस्टरवर तुझ्या हातातून बास काढला की बघणाऱ्याला वाटणार, ही गाते किंवा नाचते. तो कार्यक्रमाला येणार आणि तू मागे उजवीकडे, मान खाली घालून बास वाजवत असणार. पोस्टर खोटं पडलं. मुळात तुमच्या बँडमध्ये बास एका मुलीच्या हातात आहे ही खरी बघण्यासारखी गोष्ट, आणि दाजी नेमकी तीच झाकायला सांगताहेत. नऊवारीशी माझं काही वाकडं नाही. काष्टा घालून बास वाजव, पाय उलट मोकळे राहतील. पण तुला नेसावीशी वाटली तर, आणि बास गळ्यात ठेवून. फ्रेम भरायला तू काय कुंडी आहेस?

कपड्यांवर मात्र माझ्याकडे एक लाडकी कल्पना आहे, ऐकून घे. त्याच शेडमध्ये विणलेलं ग्रे कापड घ्या, न धुतलेलं, न रंगवलेलं, मांजरपाटासारखं पिवळसर. दहा-बारा मीटर खूप झालं. आधी दोनदा धुऊन वाळवा, नाहीतर शिवल्यावर आटेल आणि गायकाचा शर्ट बेंबीपर्यंत येईल. मग गल्लीतल्या शिंप्याकडून चौघांना चार वेगळ्या तऱ्हेचे कपडे शिवून घ्या: कुणाला शर्ट, कुणाला कुडता, तुला हवं ते. कापड एक, शिवण ज्याची त्याची. झाला तुमचा लाल कोट. वर कॅमेऱ्यालाही हा रंग सोसतो. पांढराशुभ्र शर्ट दिव्याखाली भगभगतो, हा भगभगत नाही. लीडवाल्याला वरून काळं जॅकेट घालायचंच असेल तर घालू दे, इतकं जिवावर घ्यायचं नाही.

नावाचं लेखन. बँडचं नाव मी इथे छापत नाही, पण त्यात एक जोडाक्षर आहे आणि एक रफार, म्हणजे दोन्ही खड्डे आहेत. पोस्टरवरचं नाव फॉन्टातून उचलू नका, काढून घ्या. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी आयुष्यभर जी शीर्षकं काढली ती जुन्या वर्तमानपत्रांत बघा. अक्षराकडे बघून नाटक विनोदी आहे की रहस्याचं ते कळायचं. २०२०मध्ये ते गेले. पण कोल्हापुरात, सांगलीत चित्रकला महाविद्यालयांतून चांगलं अक्षर काढणारी मुलं बाहेर पडतात. त्यांतल्या एकाला गाठा, गाणी ऐकवा, तीन कच्चे नमुने मागा आणि पैसे द्या. नावाखालच्या बारीक मजकुरासाठी, तारीख, स्थळ वगैरे, ‘मुक्त’ किंवा ‘बलू’सारखा खुला फॉन्ट घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेत, फुकट आहेत, आणि जोडाक्षरं नीट जुळतात.

रफारावरून आठवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका एकांकिकेचा आठ बाय चारचा फ्लेक्स मी केला होता. रात्री फाइल पेन ड्राइव्हवर दिली, सकाळी चौकात फ्लेक्स लागला, आणि शीर्षकातला रफार उडी मारून शेजारच्या अक्षरावर बसलेला. ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या मागे गेलेल्या. दुकानाच्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता, त्याने हाताशी होता तो लावला. चूक माझी, मी फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, दिली नव्हती. दिग्दर्शक दोन दिवस त्या चौकातून गेला नाही, दुसऱ्या रस्त्याने लांबचा वळसा घेऊन जायचा. तेव्हापासून माझा नियम: अक्षरं कर्व्ह केलेली फाइल, सोबत जेपीजी, आणि छापण्याआधी फ्लेक्सवाल्याच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर. मोबाइलवरच्या ॲपमध्ये नाव टाइप करणार असाल तरी एकदा मराठीच्या बाईंना दाखवा.

फोटोसाठी एक सकाळ पुरे. माग बंद असतील तो दिवस, सात ते अकरा. शेडच्या पत्र्यात उजेडाच्या खिडक्या असतील तर बाहेरचा दिवासुद्धा लागणार नाही. चौघांचा एक फोटो ताण्याच्या मागून काढा, धागे पुढे धूसर आणि मागे चेहरे. एक शेडच्या दाराशी, वाद्यांसकट. मग प्रत्येकाचा एकेकटा. प्रत्येक फोटो उभा, आडवा आणि चौकोनी कापता येईल इतकी जागा चारी बाजूंना सोडायला लावा. छायाचित्रकार हौसेने घट्ट चौकट धरतात आणि मग यूट्यूबच्या आडव्या पट्टीत ड्रमरचं कपाळ उडतं.

कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, ‘लवकरच येत आहे’ यातलं काही लिहायचं नाही. गाणी ऐकवणारी ॲप असली कव्हरं परत पाठवतात आणि तुमची तारीख हुकते. तयार झालं की मोबाइलवर गाण्यांच्या यादीत जेवढं दिसतं तेवढं करा, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढं, आणि मोबाइल हातभर लांब धरा. धोटा कळला तर ठीक. कळला नाही तर अजून काहीतरी काढून टाका. यूट्यूबच्या थंबनेलला खाली उजवीकडे गाण्याची लांबी येते, त्या कोपऱ्यात नाव नको. प्रोफाइलचा फोटो गोल कापला जातो, तिथे नुसता धोटा. छापील पोस्टरला रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) आणि चारी बाजूंना कापण्यासाठी तीन मिलिमीटर जास्तीचं. हे प्रेसवाल्याला माहीत असतं, पण तुम्ही म्हणालात की तो जरा नीट वागतो.

एआयचं मी गंमत म्हणून करून पाहिलं. ‘इचलकरंजीचा यंत्रमाग, रात्रपाळी’ असं लिहिलं. आला हातमाग. शेजारी चरखा, खिडकीतून सोनेरी कवडसा आणि एक आजी जी कुणाचीच आजी नव्हती. तुमच्याकडे वीस पावलांवर खरा माग आहे, तेलाच्या डागासकट. कच्च्या आराखड्यासाठी वापरायचं तर वापरा. कव्हरवर नको.

आता व्हिडिओ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा नावाचा मुलगा शिकला, शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढे इंग्लंडमध्ये तो ग्राफिक्स शिकला आणि क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. क्वीनचं मानचिन्ह त्याने स्वतः काढलं, चौघांच्या राशींवरून: सिंह राशीचे दोघं म्हणून दोन सिंह, एक खेकडा आणि कन्येसाठी दोन पऱ्या. १९७४मध्ये मिक रॉकने त्यांचा एक फोटो काढला, काळ्या पार्श्वभूमीवर चार चेहरे, वरून उजेड, आणि तो रेकॉर्डच्या कव्हरवर आला. नोव्हेंबर १९७५मध्ये त्यांना टीव्हीसाठी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याची फिल्म हवी होती, कारण ते दौऱ्यावर जाणार होते. चार तासांत उरकली. ती इतक्या लवकर कशी झाली? सुरुवातीला दिसते ती चौकट म्हणजे १९७४चा तोच फोटो आहे, फक्त आता चेहरे गातात. त्यांनी नवीन काही शोधलं नाही, जवळ होतं तेच हलवलं. म्हणून तुलाही सांगतोय, आधी नाव, मग फोटो, मग कव्हर, आणि व्हिडिओ सगळ्यांत शेवटी. फोटो जमला की व्हिडिओ अर्धा झालेला असतो. तुम्ही चारही एकदम करायला निघालात म्हणून तर एवढं भांडताय.

व्हिडिओत गोष्ट नको. प्रेयसी, अपघात, पोलीस, काही नको. रात्रपाळी सुरू होते आणि सुटते, मधे तुम्ही वाजवता. बस्स.

पण चालू मागांत वाजवायचं म्हणजे पहिली पंचाईत ही की स्पीकरवरचं गाणं तुम्हाला ऐकूच येणार नाही. कान फाटतात तिथे. म्हणून दोन भाग करा. ओठ दिसतात ते सगळे शॉट माग बंद असताना, मोठ्या स्पीकरवर गाणं लावून. गाण्याच्या आधी चार टिचक्या घालून ठेवा, म्हणजे चौघं एकदम सुरू होतील. आधी अख्खं गाणं लांबून, तीनदा. मग प्रत्येकाचं अख्खं गाणं एकदा जवळून, तुझ्या हातांचं वेगळं. चालू मागांचे शॉट दुसऱ्या दिवशी, त्यात तुम्ही वाजवायचं नाही, फक्त असायचं.

आणि हे दाजींना जरूर सांग. माग मिनिटाला किती ठोके टाकतो ते मोज. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घरी शांतपणे मोजलंस तरी चालेल. मागाचा वेग पुलीवर ठरतो, तो बदलायच्या फंदात पडू नका. तुमचं गाणं मी ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमवर धरलं, मिनिटाला ७६ ठोक्यांवर चालतं. समज, एखादा माग १५२च्या जवळपास निघाला. तो सेकंदाला ५० फ्रेमने टिपायचा आणि २५ने दाखवायचा. पडद्यावर तो निम्म्या वेगाने चालेल, म्हणजे बरोबर ७६. धोटा गाण्याच्या ठोक्यावर येईल-जाईल. शेडमधले सगळे माग सारखे चालत नाहीत, तेव्हा एक नाही जुळला तर शेजारचा बघ. थोडा फरक राहिला तर तो एडिटला काढता येतो. जे फ्रेममध्ये दिसेल त्याचं गाण्याशी लग्न लागलं पाहिजे. दाजींना ही भाषा कळेल.

५० आणि २५ म्हणण्याला आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. मोबाइल आणि बरेच कॅमेरे ३० किंवा ६० फ्रेमवर सेट केलेले असतात, आणि शेडमधल्या ट्यूबलाइटखाली त्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेमला शटर सेकंदाचा पन्नासांश, ५० फ्रेमला शंभरांश ठेवा, पट्टे जातात. घरी आल्यावर ते काढत बसणं म्हणजे तांदळातले खडे.

शेडमध्ये हवेत कापसाची तूस असते. तिथे लेन्स बदलायची नाही, बाहेर जाऊन बदलायची. धुराचे गोळे, मशाली, मेणबत्त्या, तापणारे हॅलोजन यातलं काहीही आत न्यायचं नाही. तूस पेट घेते आणि मग व्हिडिओ बातम्यांत येतो. ओढणी, मोकळे केस, लोंबणारा गिटारचा पट्टा चालू मागापासून लांब. अग्निशामक नळकांडं दाराशी आहे का आणि त्याची तारीख उलटलेली नाही ना, ते ड्रमरच्या वडिलांना विचार. हे सगळं वाचून ते शूटला नाही म्हणतील अशी भीती वाटत असेल, तर उलटं होईल. एवढा विचार केलाय म्हटल्यावर मागमालक हो म्हणतो.

राहिले दाजी. त्यांना मोडीत काढू नका. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला मंगलाष्टकं परत म्हणून घेता येत नाहीत, त्याचा हात एका झटक्यात बसलेला असतो. कमी उजेडात, गर्दीत, पाहुण्यांना चुकवत काम करायची सवय असते. तुम्हाला नेमकी तीच हवीये. फक्त दोन गोष्टी. एक, काय काढायचं याची यादी तुमची. कागदावर चौकोन करून, रेघोट्यांत, तीस-चाळीस शॉट. चित्र वाईट आलं तरी चालेल. दुसरी, पैसे द्या. मान राखण्याचा प्रश्न आहेच, पण कायदाही आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, मोबदला देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिली मालकी करून घेणाऱ्याची. फुकटात केलेल्याला हा नियम लागत नाही. उद्या गाणं चाललं आणि दाजींचं ताईंशी बिनसलं तर तुम्ही काय करणार? एका पानावर लिहून घ्या: कुठलं काम, किती रक्कम, हक्क बँडकडे. मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. अक्षर काढणाऱ्या मुलाकडूनही असंच पान घ्या. आणि चौघांतही एक: नाव आणि धोटा बँडचा, सोडून जाणाऱ्याचा नाही.

पैशाचं मी असं करीन. अक्षरलेखनाला ८ हजार, कारण ते सगळ्यांत जास्त टिकणार. फोटोला ७. व्हिडिओला २८, त्यात दाजी, एडिट, भाड्याचे दिवे, कामगारांचा रोज आणि सगळ्यांचं जेवण. पोस्टरला आणि कापड-शिलाईला मिळून ६. उरले ११, त्यांना गाणं बाहेर येईपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या गाण्याच्या वेळी खिसा रिकामा असतो आणि बँड तिथे थांबतात. त्या ११ हजारांत एसटी स्टँडवरच्या गाण्याचा साधा व्हिडिओ होतो, तेच कपडे घालून. स्टँडची परवानगी मात्र एसटीकडून लेखी काढा.

व्हॉट्सॲपवर यातलं काही टाकू नकोस. पुढच्या सुट्टीला शेडमध्ये जा, प्रॅक्टिसच्या आधी एक धोटा घे, बासच्या तारांवर ठेव आणि मोबाइलने वरून फोटो काढ. मग तो फोटो तिघांना दाखव, आणि मला पाठव. दाजींशी बोलायला ड्रमरला न पाठवता तू जा, जाताना शॉटची यादी आणि ५ हजारांचं आगाऊ पाकीट घेऊन जा. नऊवारीचा विषय त्यांनी काढलाच तर बास गळ्यात अडकवूनच बोल.